धड कोटाचं ठिगळ

भोरच्या पेठेतला आमचा शिंपी दातांत सुई धरूनच बोलायचा. संस्थानचा दरबार सोडतीच्या मोठ्या बक्षिसावर कर बसवणार, अशी आवई उठली तेव्हा मात्र त्यानं सुई काढून ठेवली.

"अर्धं घ्यावं दरबारानं! पासली गावचा कुणबी गुडघाभर चिखलात भात लावतो, त्याच्याकडनं शेतसारा घेत्यात. मग बसल्या जागी मिळवणाऱ्याला का म्हून सोडायचं?"

येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हेच ऐकवी. मलाही ते पटायचं.

मग सोडत निघाली. बक्षीस भोरातच कुणाला तरी लागलंय, असं तिकिटं विकणारा सांगत होता. नाव काही सांगेना. तेव्हापासून शिंपी गप्प झाला. त्याच्या बिनअस्तराच्या कोटावर, कोपरापाशी, लांबूनही दिसेल असं ठिगळ आलं.

मी मुद्दाम विचारलं, "काय हो, बसावा ना कर?"

"आमा गरिबाला काय कळतंय त्यातलं, मास्तर?" कोपर माझ्यापुढं धरत तो म्हणाला. सुई दातांतच होती.

उकडत होतं. त्यानं कोट काढून खुंटीला अडकवला, तेव्हा बाही उलटी झाली. ठिगळामागचं कापड कुठंच फाटलेलं नव्हतं.