मामाजींच्या कमरेची किल्ली

स्वतःच्याच घरातल्या वस्तूवर जेलरसारखा पहारा ठेवणारा माणूस साऱ्या महागाव तालुक्यात एकच आहे, आणि तो माझ्या नवऱ्याचा मोठा मामा आहे. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. ती वस्तू म्हणजे वडिलांकडून त्यांच्याकडे आलेली रायफल, घोड्याखालचं लोखंडी कडं खाली-वर केलं की काडतूस चढतं अशी जुनी, लिव्हरची. परवाना पीकसंरक्षणाचा. पण रानडुकरांना तिचा फारसा त्रास झाल्याचं कुणाला आठवत नाही. डुकरं तुरीत शिरल्याची हाक आली की मामाजी आधी चष्मा शोधायचे, मग रायफलीच्या पेटीची किल्ली, मग दुसऱ्या खोलीतल्या काडतुसांच्या डब्याची. तेवढ्यात डुकरं पोटभर जेवून, नाल्यावर पाणी पिऊन जंगलात पोचलेली असायची. मामाजी हवेत एक बार काढायचे, तो त्यांना निरोप दिल्यासारखा.

निवडणूक आली की इतर परवानेवाले ठाण्याच्या निरोपाची वाट पाहतात. मामाजी आचारसंहितेची बातमी संपायच्या आत चपला घालतात. रायफल जमा करून पावती घ्यायची, पावतीला लॅमिनेशन करायचं आणि घरी येऊन रिकाम्या पेटीला कुलूप लावून ते तीनदा ओढून पाहायचं.

"मामाजी, रिकाम्या पेटीले कुलूप कायले?" मी एकदा विचारलं.

"हाताची सवय मोडते न सूनबाई. अन् सवय मोडली का कुलूप काही कामाचं नाई."

एवढ्या शिस्तीच्या माणसाला पुण्याच्या लेकीनं फोनवर सांगितलं, "बाबा, घरात बंदूक आहे तोवर मी पोरीला घेऊन येणार नाही." नात चार वर्षांची. मामाजींनी तिला मोबाईलवरच मोठी होताना पाहिलं होतं. ते दोन दिवस जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. "सूनबाई, वही काढ. काय काय करा लागते ते लिही. दिवाळीले पोरगी आलीच पाहिजे."

मी यादी केली. मामाजींनी ती यादीपेक्षा कडक पाळली. पेटी भिंतीला चार बोल्टनी घट्ट करा, असं मी लिहिलं होतं. त्यांनी आठ मारून घेतले. ढाणकीहून आलेले वेल्डिंगवाले चाचा घाम पुसत म्हणाले, "दादा, पेटी बनवून राह्यलो का ब्यांक?" रायफल रिकामी करून, लिव्हर उघडून, आत डोळ्यानं पाहून वर बोट घालूनही तपासायची, मग उघड्या चेंबरमधून तारेचं कुलूप ओवायचं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. सगळं झालं. राहिली किल्ली.

"लपवा, मी शोधते," मी म्हटलं. दोन मिनिटांत ज्वारीच्या कोठीतून काढून दिली. मामीजी पोट धरून हसल्या. "सूनबाई, हे किल्ली ठेवाले गेले का आधी खाकरतात. गल्लीभर मालूम पडते!"

मामाजी चिडले. "आता अंगावरच ठेवतो. मी मेलो तरच निंघन." त्या दिवसापासून सगळ्या किल्ल्या एका कडीत, कडी कमरेच्या करगोट्यात. ते चालले की बैल आल्यासारखं वाटायचं.

दिवाळीला लेक आली. बोल्ट मोजले, कुलपं ओढून पाहिली, कुठं खोट निघाली नाही. नात दिवसभर आजोबांच्या अंगाखांद्यावर. तिसऱ्या दुपारी लेक शेजारी गेली होती, मी त्यांच्या स्वयंपाकघरात चकल्या तळत होते, मामाजी खाटेवर झोपले होते. अचानक त्यांनी मला अशी हाक मारली की झारा हातातून पडला. धावत गेले. करगोट्याची गाठ सुटलेली, आणि नात पेटीसमोर गुडघ्यांवर बसून कुलपात किल्ली उलटी घालत होती.

"दे बाई," मामाजी म्हणाले. आवाज मऊ होता.

लेकीनं काही पाहिलं नव्हतं. मी यादीत गाठ घट्ट करण्याचं कलम वाढवलं असतं आणि गप्प राहिले असते. ती उंबऱ्यात आली तोच मामाजींनी स्वतः सगळं सांगितलं, नातीवर काही न लोटता. लेकीनं बॅग ओढली.

"बॅग ठेव," मामाजी म्हणाले. "पोरगी कुठी जात नाई. जाईन तर ते बंदूक जाईन."

भाच्याला, म्हणजे आमच्या ह्यांना, बरोबर घेऊन ते ठाण्यात गेले. या वेळी रायफल नुसती जमा नाही केली, परवाना परत घ्या म्हणून अर्जही लिहून दिला. हवालदारानं विचारलं, "आता कोणती निवडणूक हाय काका?" मामाजींनी पावती मागितली, असं हे सांगत होते.

परतले तेव्हा दिवे लागत होते. नात मांडीवर चढली आणि गोष्ट ऐकता ऐकता झोपून गेली. तेवढ्यात शेताकडून हाका आल्या. मामीजी दारात येऊन ओरडल्या, "अहो, डुक्कर शिरले तुरीत!"

मामाजींचा हात कमरेकडे गेला. तिथं जरा थांबला, मग नातीच्या केसांवर आला.

"खाऊ दे," ते हळूच म्हणाले. "बोंबलू नको. पोरगी झोपली हाय."