दिवस हाय, डोळे उघड

पितळी ताटलीवर पळी आपटायची आणि म्हणायचं, "दिवस हाय! डोळे उघड!" समोर दहा-बारा दिवसांचं लेकरू असो की त्याची आई, मावशीचा आवाज तोच.

जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला तीच यायची. मी धावड्याहून अकरावीला मामाकडे आले, तेव्हा अंगणापलीकडची खोली तिची होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कुणाबद्दल लिहावं एवढी हिंमत अजूनही होत नाही, पण अशी बाई तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असेल, म्हणून सांगते.

नवं लेकरू दिवसभर झोपतं आणि रात्री घर जागवतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे तर बाळंतिणीच्या खिडकीला दिवसा गोधडी लावायची आणि रात्री बाधा नको म्हणून दिवा जळता ठेवायचा, असा रिवाज. मावशी आली की आधी ती गोधडी ओढून काढायची.

"दिवसा अंधार, राती उजेड. लेकरानं समजावं तरी काय? बापानं घड्याळ दिलंय का त्याला?"

मग पायांवर घेऊन अंघोळ, टाळूवर तेल, ओव्याची धुरी, आणि कोवळ्या उन्हात मांडीवर घेऊन बसायचं. दूध पिता पिता डोळे मिटले की तळव्याला टिचकी. तरी जागं झालं नाही, तर ताटली. दिवे लागले की मात्र घरात कुजबूजसुद्धा चालायची नाही. थोड्याच दिवसांत लेकराची गाडी रुळावर यायची. घरची माणसं तिच्या हातात लुगडं ठेवायची.

तिची अट एकच होती. "मायनं दिवसा लवंडायचं न्हाई. माय झोपली की लेकरू तेच शिकतं."

परक्या बाळंतिणी सुटायच्या, कारण मावशी अंघोळ घालून पुढच्या घरी जायची. तिची सून सुटली नाही. सुनेला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. पोर रात्रभर जागी, आणि दिवसा मावशी ताटली घेऊन सुनेच्या उशाशी.

सव्वा महिना पुरा व्हायच्या आतच सून चुलीपुढे बसली. एकदा भाकरी थापता थापता तिची मान कलली आणि मनगट तव्याला लागलं. मी पाणी घेऊन धावले. मावशी हसत होती.

"बराबर झालं. आता झोप न्हाई येनार."

मी कसंबसं बोलले, "मावशी, बाळ झोपलं की आईनं पण झोपावं, असं आमच्या पुस्तकात दिलंय."

"पुस्तकानं किती बाळंतपनं काढली गं, कॉलेजवाले?"

अंगणातल्या नळावर पाणी भरणाऱ्या सगळ्या बायका हसल्या. सून हसली नाही. तिचं डोकं भिंतीला टेकलं होतं, डोळे मिटलेले. ताटली वाजली.

पोर लवकरच रात्रभर झोपायला लागली. मावशी गल्लीभर सांगत फिरली. सुनेची झोप मात्र गेली ती गेलीच. शेजारच्या घरात भांडं पडलं तरी ती दचकून उठून बसायची आणि म्हणायची, "न्हाई आत्याबाई, जागीच हाय मी."

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना मावशीचं डोकं चालेना. दुपारभर बाजेवर घोरायची आणि घर निजलं की उठून पाणी तापवायला बघायची. म्हणायची, "बाळंतीन थांबली असंल माझ्यासाठी." घरात कुणाला झोप मिळेना. डॉक्टर म्हणाले, दिवसा जागं ठेवा.

सून म्हणाली, "ते मला ठाऊक हाय."

तिनं बाज अंगणात उन्हात ओढली आणि ताटली-पळी पोरीच्या हातात दिली. पोरीला खेळच मिळाला. "दिवस हाय! डोळे उघड!" करत ती बाजेभोवती नाचायची. मावशी दचकून उठायची, हात जोडायची.

"जरा पडू दे ना गं माय. लई झोप आली."

"दिवसा पडायचं न्हाई, आत्याबाई. पोरगी तेच शिकल."

तुम्ही सुनेला दुष्ट म्हणाल. पण ती दुधात भाकरी कुस्करून भरवायची, वेणी घालायची, पातळ बदलायची. सगळं द्यायची, फक्त झोप नाही. पहिल्यांदा बायका म्हणाल्या, "मावशीला मावशी भेटली." हळूहळू त्या आमच्या अंगणाकडे न बघताच पुढे जाऊ लागल्या. मीही खिडकी लावून अभ्यासाला बसायची. ताटलीचा आवाज तरीही यायचा.

एका दुपारी तो थांबेचना. मी बाहेर आले. पोरगी मावशीच्या कानाशी ताटली बडवत होती.

"आई, आजी उठून न्हाई राह्यली!"

सून आली. सासूच्या नाकाशी तिनं बोटं धरली, बराच वेळ धरली. मग पोरीच्या हातातून ताटली घेतली, पदरानं पुसली आणि आत फळीवर पालथी ठेवली.

दुसऱ्या दिवशी भेटायला बायका आल्या. सून आत, मावशीची बाज असायची त्या कोपऱ्यात, जमिनीवर झोपली होती. अंगावर पांघरूण नाही, तोंड उघडं.

"भर दुपारी?" एक पाहुणी म्हणाली. "सासूची राख निवली न्हाई अजून."

"हळू बोला," उंबऱ्यात बसलेली पोरगी म्हणाली. "आई झोपलीय."

तेवढ्यात चहाची भांडी काढताना कुणाचा तरी धक्का लागला आणि फळीवरची ती ताटली फरशीवर पडली. गरगर फिरत राहिली. आम्ही सगळ्याजणी सुनेकडे पाहत होतो.

सुनेनं नुसती कूस बदलली.