पाचव्या मिनिटाचं मत

नांदेडच्या त्या दुकानात मी तूरडाळीची पिशवी हातात धरून उभा होतो आणि समोरची बाई मला सांगत होती, "अब्बा गेले की काका. अकरा महिने झाले."

मी म्हणालो, "शक्यच नाही. आज सकाळी त्यांनी मला मत दिलंय."

असं कुणी बोलतं का? बापाच्या मरणाची बातमी सांगणाऱ्या लेकीला? पण मी बोललो. वर खिशातून फोन काढून तिला दाखवायलाही लागलो. हे बघ, सहा वाजता मी लिहिलं, सहा वाजून पाच मिनिटांनी हे मत. नाव वाच. तिनं नाव वाचलं आणि मांडीवरचा दोरा बाजूला ठेवून मला बसायला स्टूल दिलं.

मी लातूरला एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसातल्या कारकुनानं मला एका संकेतस्थळावर ओढलं. तिथं काहीही लिहायचं, वाचणाऱ्यांनी मत द्यायचं आणि मतांच्या जोरावर क्रिप्टोची नाणी मिळवायची. क्रिप्टो म्हणजे काय हे मला तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं असंही छातीठोकपणे सांगत नाही. कारकून म्हणाला, "साहेब, फुकट हाय, लिहून तर बघा." मला हाव सुटली, खोटं कशाला बोलू? तुरीला भरडण्याआधी तेलाचा हात का लावतात, यावर मी दहा ओळी लिहिल्या. महिनाभर लिहून जे मिळालं त्यात भजी आली नसती. बायको म्हणाली, "त्यापेक्षा मिलमधली चुरी आणा, म्हशीला तरी व्हईल."

कारकून दोन महिन्यांत कंटाळून गेला. मी राहिलो, आणि राहिलो तो एका माणसामुळं.

ते नांदेडच्या जुन्या बाजारात जिल्दसाज होते, म्हणजे पुस्तकं बांधणारे. वयानं माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना चाचा म्हणायचो. ते मला 'लातूरवाले' म्हणायचे. भेट कधीच नाही, फोन नाही, जे काय ते एकमेकांच्या लेखाखाली. खळीत मोरचूद किती घातला म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही, हे ते असं लिहायचे की वाचताना हाताला चिकट लागावं. कुराण असो की पोथी, खळ तीच, असं त्यांनी एकदा लिहिलं होतं. माझ्या डाळीची ते मनसोक्त थट्टा करायचे. "लातूरवाले, तुमी डाळीला पॉलिश करून राहिले, जरा आमच्या दातांकडं पण बघा." पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला रोज कोण विचारतं की आज काय केलंस? घरात विचारत नाहीत, मिलमध्ये तर नाहीच नाही. इथं एक माणूस विचारत होता. नाणी गेली खड्ड्यात, मी रोज पहाटे उठून लिहू लागलो.

मग एक दिवस माझं डोकं फिरलं. आठवड्यातून दोनदा लिहिणारे चाचा एकाएकी दिवसाला तीन-तीनदा लिहायला लागले होते. सकाळी पुठ्ठा कापणं, दुपारी शिवण, संध्याकाळी सोनेरी अक्षरं. त्या जागी हा रोग जुनाच आहे. एका गोष्टीचे तुकडे करायचे, जास्त वेळा टाकायचे आणि जास्त नाणी ओढायची. इतर करत होते तोवर मी हसत होतो. चाचांनी केलं म्हटल्यावर मला ते लागलं. मी सगळ्यांना दिसेल असं त्यांच्या लेखाखाली लिहिलं, "चाचा, आता तुम्हीपण नाण्यांसाठी लिहायला लागलात. एका जिल्दीचे तीन तुकडे करून विकू नका."

उत्तर आलं नाही. त्यानंतर त्यांचे लेखही थांबले. फक्त एक गोष्ट चालू राहिली. मी लिहिलं की पाचव्या मिनिटाला त्यांचं मत पडायचं. शब्द एक नाही.

आमच्याकडं याला अबोला म्हणतात आणि त्यात मी मुरलेला माणूस आहे. आम्ही नवरा-बायको पंधरा-पंधरा दिवस अबोला धरतो. ताट वेळेवर येतं, चहा येतो, धुतलेला शर्ट खुंटीवर असतो, फक्त बोलणं नसतं. रुसलेलं माणूस रोजचं काम सोडत नाही, कारण काम सोडलं तर नातंच सुटतं. तेव्हा मत पडतंय आणि शब्द नाही, याचा अर्थ मी डोळे झाकून लावला. चाचा रुसले. रुसू देत. ते बोलत नाहीत तर मी का बोलू? मीही ताठलो. तेरा महिने मी रोज लिहिलं, रोज पाचव्या मिनिटाला मत घेतलं आणि एका अक्षरानं त्यांची विचारपूस केली नाही. मनातून मात्र रोज खूश व्हायचो की म्हातारा रागावला तरी वाट बघत बसलेला असतो.

शेवटी बायकोच म्हणाली, "मोठं माणूस रोज मत देऊन राहिलं अन् तुमी तोंड फुगवून बसलात. लाज हाय का न्हाई? जा, भेटून या." तिनंच पाच किलो डाळ बांधून दिली. अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेडला पोचेपर्यंत मी मनाशी भांडणच जुळवत होतो. आधी चिडवायचं, मग चहा प्यायचा, मग माफी, आणि तीही सहज आल्यासारखी. दुकानाच्या पाटीचा फोटो चाचांनी कधीतरी टाकला होता, त्यावरून गल्ली सापडली. आत एक चाळिशीची बाई कॉलेजच्या प्रोजेक्टांचा ढीग शिवत बसली होती. ती त्यांची मुलगी. तिच्या मागं, पडद्याआड, तिची आई होती.

"ते आपोआप पडतं काका," मुलगी म्हणाली. "एकदा नाव टाकून ठेवलं की तुमी लिहिलं का मत पडलं. मीच लावून दिलतं त्यास्नी."

अशी सोय असते हे मी ऐकून होतो. आळशी लोक वापरतात, असं मला वाटायचं. माझ्या बाबतीत तसं असेल हे तेरा महिन्यांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं. मी तिला विचारलं, कधी लावलंस?

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. घशाचा कॅन्सर होता ना. आवाज जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलतं. म्हणून तर दिवसभर लिहीत बसायचे, जेवढं येतं तेवढं उतरवून ठेवतो म्हणून."

दिवसाला तीन लेख. मी हिशेब केला नाही, तो आपोआपच झाला. माझी ती ओळ ऑपरेशनच्या आठच दिवस आधीची होती.

"तुमी लिहिलेलं वाचलं त्यांनी," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी म्हणलं, सांगून टाका त्यास्नी आजाराचं. तर म्हणले, न्हाई. आत्ता नाण्यांसाठी लिहितो म्हणला, आजार सांगितला तर भीक मागून राहिला म्हणंल. मग म्हणले, लातूरवाले रागीट हायेत, मत न्हाई पडलं तर लिहायचं सोडून देतील. माझं चालू ठेव. एकच नाव लावलं बघा, तुमचं."

"नंतर?"

"नंतर दोन महिने होते. आवाज गेला, हात थरथरायचा. तुमचं मी रोज वाचून दाखवायची. वाचून झालं की बोटानं खाली दाखवायचे. खाली, म्हणजे तिथं त्यांच्यासाठी तुमी काही लिहिलंय का. मी म्हणायची, न्हाई अब्बा."

साठ दिवस. साठ वेळा त्या बाईला नाही म्हणायला लावलं मी. डाळीची पिशवी मांडीवर तशीच होती. पडद्याआडून चहा आला तो मी प्यालो, कारण कप हातात दिला होता.

परतीच्या एसटीत, लोह्याच्या पुढं, मी चाचांच्या शेवटच्या लेखाखाली चार ओळी लिहिल्या. माझी चूक झाली. तुम्ही नाण्यांसाठी लिहीत नव्हता. मला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. मला माफ करा. दुसरीकडं कुठं लिहिणार? आमची ओळख होती ती जागा तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी फोन उघडला. कुठल्या कुठल्या देशातल्या अनोळखी लोकांनी त्या चार ओळींना भराभर मतं दिली होती. चार वर्षं डाळीवर लिहून कधी पडली नव्हती एवढी नाणी त्या माफीला पडली. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "फार सुंदर. असेच लिहीत राहा." ज्या माणसाला मी चारचौघांत नाण्यांसाठी लिहितोस म्हणालो, त्याच्या मरणावर मीच कमावलं होतं. नाणी नाकारायची म्हणून बोटं दुखेपर्यंत शोधलं. नको असतील तर तशी खूण लिहितानाच करायची असते म्हणे. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

दुकानातून निघताना घेतलेल्या नंबरावर मी चाचांच्या मुलीला फोन लावला. म्हणालो, बेटा, मी हे सगळं बंद करतोय, खातं, लिहिणं, सगळं. तूही त्यांचं ते मत काढून टाक.

ती म्हणाली, "काढता न्हाई येत काका. खात्याच्या किल्लीचा, म्हंजे पासवर्डचा कागद अब्बांनी कुठल्या तरी जिल्दीच्या आत चिकटवला, अन् ते पुस्तक गिऱ्हाईक घेऊन गेलं. अन् येत असतं तरी मी काढलं नसतं. अम्मीला वाचता येत न्हाई, पण मतातलं अब्बांचं नाव ती वळखती. रोज दुकान उघडायच्या आधी मला विचारती, लातूरवाल्यांनी लिहिलं का, आले का ते? तुमी न्हाई लिहिलं तर मी तिला काय सांगू?"

मी फोन ठेवला. मग तुरीच्या चुरीवर दहा ओळी लिहिल्या.