कट करून उलट लावलेला फोन

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. माझे मामा तर भर बाजारात, ऑटोवाल्यांच्या देखत वाकतात. मला अवघडून जातं. पण पायाला हात लावून झाला की तेच मामा माझं एक अक्षर ऐकत नाहीत, आणि मग वाटतं, पाया पडू नका हो, त्यापेक्षा एकदा कान द्या.

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटात यंत्रांचे कंट्रोल पॅनेल बसवायचं काम करते. घरातले बाकी सगळे सरकारी नोकरीतले. त्यांच्या लेखी मी ‘वायरिंगचं काहीतरी’ करते. मामांची वारासिवनीजवळ उसना, म्हणजे उकड्या, तांदळाची मिल आहे. धान भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं, मग भरडायचं. मामा राहतात बालाघाटात, त्यामुळे मिलमध्ये काय बिघडलं ते त्यांना घरबसल्या कळायला हवं होतं. म्हणून मी त्यांच्या पॅनेलला अलार्म मोडेम जोडला. छोटासा डबा, आत सिमकार्ड. एखादी मोटर अडकली की पॅनेलमधला कंट्रोलर ती बंद करतो आणि डबा मामांना फोन लावतो. फोन उचलला की कुठे काय झालं ते ऐकू येतं. तो आवाज माझाच. ‘मामा, एलिवेटर बंद पडला आहे, आधी मिलमध्ये विचारा,’ असं मी किती वेळा रेकॉर्ड केलं होतं! एकदा कुकरची शिट्टी आली, एकदा शेजारचा कुत्रा.

बिघाड निघाला की मोटर परत चालू करायला मी मेसेजची सोय ठेवणार होते. मामा बिथरले.

“मले ते टाइप-बिप जमत नाही. वावरातली मोटर मिस कॉलवर सुरू होते ना? तशी करून दे.”

“मामा, वावरात पाण्याची मोटर असते. इथं माणसं काम करतात.”

“हौ, मालूम आहे मले. तू कर.”

शेवटी केली. फक्त मामांच्या नंबरवरून डब्याला रिंग गेली की बंद पडलेली मोटर सुरू. पण आधी फोन उचलायचा, ऐकायचं, मिलमध्ये विचारायचं आणि मगच रिंग द्यायची, हे मी त्यांच्याकडून पाठ म्हणवून घेतलं. त्यांनी मान डोलावली. मान डोलावण्यात मामांचा हात धरणारा कोणी नाही.

मिलमधली यंत्रं सांभाळायला किरनापूरकडचे एक मिस्त्री होते. मी त्यांना काका म्हणायचे. मामांच्या मिलची पहिली मोटर त्यांनीच बसवलेली. त्यांचा धाकटा भाऊ दारूपायी गेला, तेव्हापासून दारूचं नाव काढलं तरी ते उठून जात. लग्नात कोणी प्यायलेलं दिसलं तर न जेवता घरी.

हंगामात धानाची आवक वाढली आणि एलिवेटर अडायला लागला. एलिवेटर म्हणजे पट्ट्याला बादल्या लावून धान वर चढवणारं यंत्र. खाली धान तुंबलं की मोटर बंद पडते, आणि बुडाची झडप उघडून हाताने धान ओढून काढावं लागतं. त्याआधी वीज तोडायचा मेन स्विच पॅनेलच्या खोलीत. त्या खोलीला मामांनी कुलूप ठोकलेलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात, कारण ‘कोणीबी उंगली करते’. मी भांडले होते. मामांनी मान डोलावली होती.

एके दिवशी काका झडपेत हात घालून धान काढत होते. हात बाहेर काढत होते, तोच पट्टा फिरला. बादलीने शर्टाची बाही ओढून नेली. हात वाचला. थोड्या वेळाने मोटर पुन्हा बंद पडली आणि पुन्हा आपोआप सुरू झाली.

काकांनी मालकांना सांगितलं, “मशीन अपने आप चालू होते, मालक. मी हात नाही लावला.”

मामांनी काय करावं? चार माणसांसमोर विचारलं, “काहून, सकाळीच लावली का आज?”

काकांनी जेवणाची पिशवी उचलली आणि ते घरी गेले. ज्या माणसाने इतकी वर्षं मिल चालवली, त्याला हा प्रश्न! मला कळलं तेव्हा मी इतकी चिडले की घरातलं माणूस समोर यायला घाबरत होतं. आणि काळजीही वाटली. मोटर आपोआप सुरू होत नसते, आणि काका खोटं बोलत नसतात.

मी मिलमध्ये जायला निघणार, तेवढ्यात मामाच दारात. पाया पडले. खुर्चीत बसले. किल्ली टेबलावर ठेवली, चहा मागितला आणि काकांच्या नावाने सुरू झाले.

“माणूस चांगला होता, पण आता बिघडला. गावात बोलून राह्यले लोकं.”

“कोण बोलतं, मामा? तुम्हीच ना?”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. स्क्रीनवर ‘मिलचा डबा’. मामांनी सराईतपणे कट केला आणि लगेच उलट फोन लावला. कानाला धरून म्हणाले, “पाह्य, असाच करते हा. आपण लावला की बोलतच नाही.”

मी हातातला चहा खाली ठेवला.

पूर्वी फोनला पैसे पडायचे तेव्हापासूनची मामांची ही रीत. दुसऱ्याचा फोन उचलायचा नाही. त्याचा खर्च कशाला? कट करायचा आणि आपण लावायचा. तेवढंच मोठेपण. आता कोणालाच पैसे पडत नाहीत, पण रीत राहिली. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण माणसाशी पाळायची रीत मामा डब्याशीही पाळतील, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. दर वेळी डबा सांगायला जायचा की मोटर अडली, मामा सौजन्याने कट करायचे, सौजन्याने उलट लावायचे, आणि तिकडे मोटर सुरू. कोणाचा हात कुठे आहे ते न विचारता.

मी माझ्या फोनवरून डब्याला मोटर बंद करायचा मेसेज टाकला, तेवढी सोय मी स्वतःपुरती ठेवली होती. मग मिलमध्ये वजनकाट्यावर बसणाऱ्या मुनीमजींना फोन करून ओरडले, “एलिवेटरजवळ कोणी जाऊ नका! सगळ्यांना मागं घ्या!” कोणी जवळ नव्हतं. मग मामांना सगळं समजावलं. समजावलं कसलं, ओरडलेच. भाचीने मामावर ओरडू नये, तरी ओरडले.

“माझा आवाज त्यात आहे, मामा! एकदा तरी ऐकला का?”

मामांनी या वेळी मान डोलावली नाही. टेबलावरच्या किल्लीकडे बघत म्हणाले, “म्हणजे तो खरं सांगून राह्यला होता.”

“हौ.”

“आन् मी त्याले सगळ्याइच्या समोर…”

मामांनी फोन घेतला आणि काकांना लावला. रिंग मलाही ऐकू येत होती. दोन-तीनदा वाजली आणि तुटली.

मामांचा चेहरा उजळला. “कट केला. आता तोच करन मले फोन. माह्यासोबत राहून राहून त्यालेबी तीच आदत आहे.”

त्यांनी फोन टेबलावर, किल्लीशेजारी, उताणा ठेवला. मी दुसरा चहा आणला. तो गार झाला. मामांनी फोन उचलून आवाज वाढवला आणि परत ठेवला.

मग माझ्याकडे न बघता विचारलं, “तुह्या घरी नेटवर्क बरोबर येते ना?”

“येते, मामा,” मी म्हटलं.