पाळण्यातला मुद्देमाल

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवण करून द्यायला सुनेचा मिक्सर पुरतो. तो घुरघुरू लागला की मी म्हणते, "माझ्या पहिल्या मोठ्या केसचा मुद्देमाल या यंत्रानं मोडीत काढला." नातवंडं एकमेकांना खुणावतात, आजी सुरू झाली.

मी नवीकोरी फौजदार होते. सडक अर्जुनीकडच्या एका ठाण्यात पहिली नेमणूक. बाई फौजदार म्हणजे त्या भागात नवलाई. लोक तक्रार द्यायला कमी आणि बघायला जास्त यायचे. मी होतेही बघण्यासारखीच. ठाण्याच्या अंधाऱ्या खोलीतसुद्धा गॉगल लावून बसायची आणि चहाचा कप चाचपडत शोधायची.

आमच्या हद्दीत नदीवर मोठं धरण आणि वीजघर व्हायचं होतं. बांधकाम अजून सुरू नव्हतं. पायाची तपासणी चालली होती. यंत्रानं जमिनीत खोल भोकं पाडून आतला खडक वर काढायचे. वीतभर, हातभर लांबीचे गोल, गुळगुळीत दगड निघायचे. त्यांच्या टोकाला पिवळ्या रंगानं खोली लिहून ते लाकडी पेट्यांत क्रमानं लावून ठेवायचे. कर्ज देणाऱ्या बँकेचा तज्ज्ञ येऊन ते पाहणार, त्याला पाया पटला तर कर्ज, आणि कर्ज मिळालं तर धरण.

एका सकाळी प्रकल्पाचे इंजिनिअर फिर्याद घेऊन आले. शेडमधले दगड चोरीला गेले होते, तेही निवडून. अखंड, चांगले दगड गेले. फुटके आणि भुसभुशीत तेवढे मागे राहिले.

"लक्षात येतंय का मॅडम?" ते म्हणाले. "तज्ज्ञाला नुसता सडका खडक दिसावा, कर्ज अडावं, हा डाव आहे. घातपात आहे हा! बुडणाऱ्या गावचेच लोक. आमचा चौकीदारही त्याच गावचा."

घातपात! माझ्या बरोबरच्या फौजदारांना मोहाची दारू आणि बैलचोरी, आणि मला थेट घातपात. फिर्याद लिहून होईपर्यंत मी मनातल्या मनात पदक छातीला लावलंही होतं.

दुपारी कोहमाऱ्याच्या नाक्यावरचा आमचा खबऱ्या, एक पानठेलेवाला, सांगत आला, "मॅडम, माल हायवेनं रायपूरले जाऊन राहिला. पक्की खबर." मी नाकाबंदी लावली. ट्रकमागून ट्रक उतरवले. धान निघालं, फरशा निघाल्या, कोंबड्या निघाल्या. एक ड्रायव्हर म्हणाला, "मॅडमजी, पत्थर ढूँढ रही हो? पूरे रास्ते पे पड़े हैं, जितने चाहिए ले जाओ." आमचे हवालदार तोंड फिरवून हसले. ते त्याच मातीतले, निवृत्तीला आलेले. मी गॉगल नीट केला.

दुसऱ्या दिवशी चौकीदाराला चौकशीला बोलावलं. वयस्कर माणूस, खांद्यावर लाल गमछा.

"शेडची चावी कोणाकडे असते?"

"माह्याजवळच."

"मग दगड कोणी नेले?"

"मले नाही मालूम."

दहा प्रकारे विचारलं, उत्तर तेच. मी छडी टेबलावर आपटली. शाईची बाटली उडाली आणि माझ्या खाकीवर रिकामी झाली. म्हातारा उठला, गमछ्यानं टेबल पुसू लागला. "निंबू लावजा मॅडम, दाग निंगून जाईन."

मी त्याच्यावर ओरडले. हवालदारांनी मला व्हरांड्यात नेलं. "मॅडम, भेलेला माणूस रोज नवं सांगते. हा एकच बोलून राहिला. हा सोताले नाही, दुसऱ्या कोनाले वाचवून राहिला. अन् आज ह्याच्या नातवाचं बारसं आहे. जाऊ द्या घरी."

"मी बरोबर येते," मी म्हणाले. बारशाच्या गर्दीत याचे साथीदार सापडतील, असा माझा बेत. गणवेशात, शाईच्या डागासकट.

गावात पोचले तर बायकांनी मला पाळण्याजवळच पाट दिला. आपल्याकडे रीत आहे, बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला टोपरं-झबलं घालून त्याला बाळाचा थोरला भाऊ करायचं. तो पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचा, म्हणजे बाळाला दगडासारखं दणकट आयुष्य मिळतं. समोरच्या बाईनं पाळण्याखालून तो माझ्या हाती दिला. "घ्या मॅडम, संभाळजा, नाहीतर रडन!" सगळ्या खिदळल्या. मीही लाडानं त्याला छातीशी धरलं. टोपरं सरकलं. खाली पिवळ्या रंगात आकडे होते.

वरवंटा! त्या गोल गुळगुळीत दगडाकडे इंजिनिअरांनी पाया म्हणून पाहिलं, मी घातपात म्हणून पाहिलं. वाटायला बसणाऱ्या बाईनं पाहिलं असतं तर फुटके मागे का राहिले, हे तिनं शेडच्या दारातूनच सांगितलं असतं.

मी दगड कडेवर घेऊन तशीच आतल्या खोलीत गेले. तिथं दोन चुली होत्या. एक काळीकुट्ट, दुसरीची माती अजून ओली, शेजारी नवा पाटा. पलीकडच्या घरात डोकावले, तिथंही तसंच. मागून चौकीदार आला. तो पहिल्यांदाच घाबरलेला दिसला.

"मॅडम, मले चोर लिवा. घातपाती लिवा. पन चुलीचं लिवू नका."

गोष्ट अशी होती. पुनर्वसनाची मोजणी व्हायची होती. लग्न झालेल्या मुलाची चूल वेगळी दिसली तरच त्याला वेगळा प्लॉट मिळेल, असं गावात कळलं होतं. तेव्हा घरोघर चुली वेगळ्या झाल्या, आणि प्रत्येक नव्या चुलीला वरवंटा लागला. चौकीदारानं शेडमधला पहिला दगड आपल्या सुनेला दिला. मग अख्खं गाव मागायला आलं.

"भांडून वेगळे झाले त्यायले दोन प्लॉट," तो म्हणाला. "आमी बाप-लेक एका ताटात जेवलो, आमाले काऊन एक?"

कायद्याच्या परीक्षेत मी पहिली आले होते. हा प्रश्न त्यात नव्हता.

मी हवालदारांना म्हणाले, "दगड जमा करा." बायकांनी ते टोपल्यांतून आणले. पंचनामा झाला. बाळाच्या आईनं सर्वांत शेवटी दिला. "लेकराच्या भावाले अटक करता का?" ती म्हणाली. मी कोहमाऱ्याच्या पाथरवटाकडून तिला दुसरा आणून दिला.

इंजिनिअर दगड पेट्यांत लावून घेत होते. त्यातल्या काहींना लसणाचा वास येत होता. त्यांनी विचारलं, "पण एकदम इतके वरवंटे का लागले यांना?"

हवालदार छताकडे बघू लागले.

"साहेब, फिर्याद दगडांची होती," मी म्हणाले. "दगड मिळाले."

घातपात उभा राहिला नाही. चोरीचा गुन्हा चालला, चौकीदाराला कोर्टानं समज देऊन सोडलं. नोकरी मात्र गेली. केस डायरीत चुलींबद्दल एक अक्षर नाही. मोजणी झाली, प्लॉट मिळाले. तज्ज्ञानं दगड हुंगले असतील-नसतील, धरण झालं.

त्यानंतर मी प्रत्येक तपासात एक गोष्ट पाळली. वस्तू गेली की आधी विचारायचं, ही कोणाला कशासाठी उपयोगी पडेल? वैर नंतर शोधायचं. गॉगल मात्र बदली होईपर्यंत सुटला नाही.

निवृत्तीनंतर एकदा त्या नव्या गावठाणात गेले. बाळाच्या आईनं लगेच ओळखलं. शेजारी-शेजारी दोन प्लॉट. एकावर घर, दुसऱ्यावर भाजी. मी दिलेला वरवंटा नळाजवळ पडला होता, बादलीला टेकण लावलेला. पार थकलेला म्हातारा चौकीदार खाटेवर नातवाला शिव्या देत जेवत होता.

"चुली किती आता?" मी हळूच विचारलं.

"एकच," ती हसली. "प्लॉट भेटले त्याच दिवशी मोडली दुसरी. सासरे म्हनाले, दोन जागी जेवन गोड नाही लागत."

निघताना ती दारापर्यंत आली. "मॅडम, चुलीचं तवा नाही लिवलं ना तुमी?"

"नाही."

"मंग आता लिवा."

म्हणून लिहिलं.