दारातलं नामंजूर कडं

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच वर्कशॉपमध्ये, हातमोजे घालून एका स्टीलच्या कड्याचं माप घेत होतो. माप अर्धवट सोडायचं नाही, हा त्याचाच दंडक. म्हणून ते पूर्ण घेतलं, वहीत लिहिलं आणि मग स्टुलावर बसून रडलो. आज महिना होत आला.

आयटीआयमधल्या मास्तरकीतून मी निवृत्त झालो तशी नानाने मला ओढून जळगावच्या एमआयडीसीत आणलं. तो मूळचा अमळनेरचा, तेलगिरण्यांचे सुटे भाग बनवत मोठा झालेला. लेथवर त्याचा हात धरणारा मी तरी पाहिला नाही, पण कागद म्हटला की कपाळाला आठ्या. आणि मनात घेतलं होतं काय, तर आपल्याच देशात उभ्या राहणाऱ्या अणुभट्टीच्या पंपांसाठी कडी बनवायची! "घाण्याचं काम आणि अणुभट्टीचं काम सारखं वाटलं का रे तुला?" मी खेकसलो. तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, बठ्ठं शिकता येस." सगळंच शिकता येतं म्हणे!

शिकलो बाबा, या वयात शिकलो. स्टीलला उघडा हात लावायचा नाही, त्याची हत्यारं वेगळी, साध्या लोखंडाचा कीस त्या खोलीत नको, नेहमीचा मार्करसुद्धा नको. कारण घामातल्या मिठासारख्या क्षाराचा अंश जरी राहिला, तरी पुढे कधीतरी त्या धातूला बारीक भेगा पडू शकतात. नाना याला 'स्टीलचं सोवळं' म्हणायचा. वर्षभर त्याने ते कारागिरांकडून पाळून घेतलं आणि चाचणीचं पहिलं कडं तयार झालं. ते पास झालं तर पुढचं काम, नाहीतर पुन्हा आपले घाण्याचे भाग.

तपासणीच्या आदल्या दुपारी मी आत आलो आणि डोक्याला हात लावला. चाळीस वर्षं प्रत्येक नव्या कामाला जे केलं, तेच नानाने केलं होतं. कड्याला कुंकवाचं बोट, आणि वर नारळ! पाणी अजून निथळत होतं. "काय करून बसलास, नाना! अरे, त्या पाण्यातही क्षार असतात!" तो पांढराफटक पडला. मीच घाईने म्हणालो, "धुऊन पुसून टाकू. कुणाच्या बापाला कळणार नाही." लाज वाटते, पण हे मीच म्हणालो... नानाने नारळाची भकलं उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मास्तर, आपले तं कळनं ना?" आपल्याला तर कळलं होतंच.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाई आल्या. चहा यायच्या आतच नानाने सांगून टाकलं, "मॅडम, याच्यावर मी नारळ फोडला." त्यांनी सगळं लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी वरून उत्तर आलं, नामंजूर. मी आठवडाभर त्याच्याशी धड बोललो नाही. त्याने मात्र दाराशी विटांचा चौथरा रचला, ते कडं त्यावर बसवलं आणि बजावलं, "आता नारळ याच्यावरच."

पुढे दुसरी संधी मिळाली. नाना गेला तेव्हा मी मापत होतो ते कडं तिचंच.

गेल्या आठवड्यात, पुन्हा तपासणीच्या आदल्याच दिवशी, आमचा जुना टर्नर भास्कर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हातात फाटका मोजा. "मास्तर, मोजा कधी फाटला कळलं नाही. कड्याला हात लागला असेल." खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कड्यावर डागही दिसत नव्हता. पुसून टाक, हे शब्द ओठांपर्यंत आले, खोटं कशाला बोलू? पण तपासणीत दाखवायची वही ओढली, तारीख टाकली आणि भास्करने सांगितलं तसं लिहून खाली सही केली.

कड्याचं काय ठरतं, ते अजून कळायचं आहे. त्या संध्याकाळी घरी जाताना दारातल्या कड्यावर मी नारळ फोडला. नाना, या खेपेला मला कुणी सांगायची गरज पडली नाही.