पुढच्या बाकावरचे केस

आज सकाळी आरशात पाहिलं, तर टकलावर रोपण केलेले नवे केस चक्क काथ्यासारखे राठ, वेडेवाकडे उभे! डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला असेच येतात, मग मऊ होतात. बायको मात्र हसत सुटली, "अहो, कुणाचे केस घेऊन आलात?"

माझेच गं! डोक्याच्या मागून काढून पुढे लावलेले. जन्मभर मागच्या बाकावर बसलेल्याला एकदम पुढे आणून बसवलं, तर कुणीही बावरून ताठ होईल.

"थांबा, हलू नका," म्हणत तिने माझी हनुवटी धरली आणि भांग पाडायला लागली. कंगवा कपाळापासून निघाला आणि मध्येच अडकला. मी ओरडलोच.

"दुखलं?" तिने घाबरून विचारलं.

छे! कितीतरी वर्षांनी तिथे कंगवा अडकला होता!